चार मिलिमीटर

लिबर्टीच्या सिग्नलला एस्टीम उभी राहिली की थरथरते,
तापाच्या वॉर्डात थंडी वाजून आलेला माणूस थरथरतो तशी,
आधी हनुवटी, मग सगळाच.
सुई खाली जाते, वर येते.
मागचा ऑटोवाला हॉर्न देतो.
मला हॉर्नच्या खालचं ऐकू येतं,
एक बारीक, न थांबणारं स्स्स.

बावीस वर्षं मेडिकलला नाइट ड्युटी केली.
ऑक्सिजन कुठल्या सांध्यातून सुटतोय
ते अंधारात बोट ठेवून सांगेन.

सक्करदऱ्यात कडुनिंबाखाली शालिक हेडाऊनं बॉनेट उचललं.
"सुटून काही नाही राहिलं जी,
उलटं आत वढून राहिलं. चोरून श्वास घेते तुमची गाडी."
आणि नळी जराशी वाकवली तर तुटली,
वाळल्या कुरडईसारखी, कट्कन.
अकरा उन्हाळे. नागपूरचे.
रबराचा काही दोष नव्हता.

सात तुकडे निघाले.
पर्समधल्या चिकटपट्टीवर मी नावं लिहिली,
पेशंटच्या मनगटावर लिहायची तशी:
डिस्ट्रिब्युटर. कार्ब्युरेटर, डावीकडचा.
सातव्यावर लिहिलं, कुठून निघाला माहीत नाही.

इतवारीत मुर्तुझाभाईंच्या दुकानात
भिंतीवर वेटोळी लटकलेली. लाल, निळी, काळी.
"लाल घ्या बाई, पोरं लालच नेतात,
बॉनेट उघडून दाखवायला."
मला कुणाला दाखवायचं आहे?
निळी तर थिएटरच्या गाऊनची, ती मी मोजून उतरवली आहे अंगावरून.
काळी द्या.

मी जुन्या तुकड्याचं टोक पुढे केलं,
त्यांनी मान हलवली.
टोक एकाच तोटीवर अकरा वर्षं चढून बसलेलं,
पसरट झालेलं, त्याचं माप खोटं.
ब्लेडनं मधोमध कापलं,
जिथे कुणी कधी ताणलं नव्हतं.
चार मिलिमीटर.

मग भिंत.
पहिली नळी दोन बोटांत दाबली तशी चिमटली.
ही जात मी ओळखते,
सक्शन लावलं की आतल्या आत चिकटते
आणि बाहेरून शहाण्यासारखी दिसत राहते.
आत काहीच नाही आणि बाहेरून
अख्खी इतवारी दाबते आहे,
हमाल, हातगाड्या, मिरचीचा ठसका, सेहेचाळीस अंशांची दुपार.
जाड भिंतीची काढा, मी म्हटलं.
"महाग पडेल."
पडू द्या.

सातवा तुकडा त्यांनी नाकाशी धरला,
बाजूला ठेवला.
"ही नाही. हिच्यातून तेलाची वाफ जाते.
सिलिकॉन तेल पितं, फुगतं. पेट्रोलला तर लावूच नका.
हिला तेलाचं साधं रबर, तीस रुपये."
विकता आली असती त्यांना, मला कुठे कळणार होतं.
जी नळी इंजिनाच्या धगीला भीत नाही
ती तेलाच्या वाफेपुढे हात टेकते,
हे ऐकून मला बरं वाटलं. का, ते नाही सांगता येत.

संध्याकाळी शालिकनं एकेक टोक
जिभेनं ओलं करून चढवलं.
मी ओरडणार होते, सवयीनं.
"तेल लावू नका म्हणते न दुकानदार? मंग?"
उरलेली वीतभर डिक्कीत टाकली,
असू द्या, म्हणाला, लागते.

परत लिबर्टीचा सिग्नल. लाल.
सुई जागची हलली नाही.
स्स्स नाही, थरथर नाही,
गाडी चालू आहे की नाही तेही कळेना.
आणि माझा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला,
दोन बोटं टेकवून,
कारण बावीस वर्षांत एवढंच पक्कं शिकले होते,
आवाज थांबला
की धावत जाऊन बघायचं.

बोटांखाली लागलं काहीतरी, बारीक, एकसारखं.
मागचा ऑटोवाला हॉर्न देत होता.
हिरवा कधीच पडला होता.